दारावर बोट

१

लहान मुलं पुस्तकं वाचतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या टेबलाशी येऊन बसावं. मुलं पुस्तकं चावतात, चाटतात, त्यांच्यावर दूध सांडतात, त्यांना कुशीत घेऊन झोपतात आणि सकाळी चुरगळलेलं पान हातात धरून भोकाड पसरतात. मग ती पुस्तकं माझ्याकडे येतात. मी बालवाचनालयात पुस्तकं दुरुस्त करतो. खळ लावायची, शिवण घालायची, फाटक्या पानाला मागून पातळ कागद डकवायचा. मुलं मला डिंककाका म्हणतात, तोंडावरसुद्धा म्हणतात. मी रागावतो, त्याचा कुणावर काडीचा परिणाम होत नाही.

सगळ्यात जास्त वेळा दुरुस्तीला येणारं पुस्तक म्हणजे ‘निजलेलं घर’. जुनं, चित्रांचं, पानाला एक ओळ. एका घरात संध्याकाळ होते आणि एकेक जण झोपी जातो. आजोबा खुर्चीत, आचारी स्वयंपाकघरात, मांजर पायपुसण्यावर, पोपट पिंजऱ्यात, दोन मुलं एका पलंगावर. शेवटच्या पानावर रिकामा जिना, जिन्याखाली एक बुटकं दार आणि खाली ओळ: ‘घर निजलं.’ संपलं. ना राक्षस, ना परी, ना तात्पर्य. तरीही आज जे आईबाप मुलांना घेऊन येतात, ते स्वतः लहानपणी हेच पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले आहेत. नवी चकचकीत पुस्तकं येतात, बटण दाबलं की गाय हंबरते, चार दिवस कौतुक होतं आणि मुलं परत जिन्याच्या पानावर. आमच्या ग्रंथपाल बाई म्हणतात, “अहो, त्या चित्रांत जीव आहे.” बाईंना कशातही जीव दिसतो, म्हणून मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मुलांची बोटं कुठे फिरतात ते पान बघून कळतं. मांजर काळवंडलेलं, पोपट मळलेला, हे समजण्यासारखं आहे. जिन्याचं पान मात्र चारी कोपरे स्वच्छ आणि त्या बुटक्या दारावर कागद झिजून आरपार भोक पडलेलं. मी अडगळीतून निकामी झालेल्या जुन्या प्रती काढल्या. प्रत्येक प्रतीत तिथेच, तेवढंच भोक. मूळ दार कसं होतं ते एकाही प्रतीवरून कळेना. पुस्तक आता छापत नाहीत, आणि शिवण धड असलेली ही एवढीच प्रत उरलेली.

मग मी माझ्या अकलेने काम केलं. मागून कागद डकवला, दार हिरवं रंगवलं आणि हौस म्हणून त्याला बाहेरून एक पितळी कडी काढली, नीट अडकवलेली. वरून पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला, म्हणजे पुन्हा कुणी झिजवायला नको. मुखपृष्ठाच्या आत चिठ्ठी डकवली: ‘चित्रांना बोट लावू नये.’ काम इतकं सुबक झालं होतं की मी ते बाईंना दोनदा दाखवलं.

२

गोष्टीच्या तासाला बाईंनी तेच पुस्तक घेतलं. मी दाराशी उभा होतो, खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला. आजोबा निजले, आचारी निजला, मुलं गप्प. बाईंनी शेवटचं पान उघडून समोर धरलं आणि सतरंजीवरची सगळी पोरं एकदम उठून पुढे सरकली, बोटं पुढे काढून.

“बसा खाली!” मी ओरडलो. “बोट लावायचं नाही. आत लिहिलंय.”

“पण डिंककाका, दार धरायचंय,” सगळ्यात पुढची, दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

“दार लावलेलंच आहे. कडी दिसत नाही तुला?”

“ती कडी खोटी आहे,” ती म्हणाली. “बोटच लागतं.”

कुणी हसलं नाही. एरवी डिंककाकाला कुणी उलट बोललं की सगळी खो खो हसतात. बाईंनी पुस्तक मिटलं तरी मुलं जागेवरून हलेनात. एकजण रडायला लागला, मग त्याच्या शेजारचा, आणि बघता बघता सगळ्या खोलीत रडारड. आया धावत आल्या. बाई मला म्हणाल्या, “तुमचा आवाज जरा कमी ठेवत जा हो.” मी म्हटलं, आजकालच्या मुलांना कुणी काही बोलायची सोय राहिली नाही.

३

त्या दिवसांत माझी भाची माझ्याकडे राहायला होती. ताईला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी परगावी जावं लागलं, मेव्हणे जहाजावर, म्हणून पहिलीतली ही पोरगी आणि तिचं दप्तर माझ्या दोन खोल्यांत येऊन पडलं. बुटकी, गोल, म्हणून मी तिला गुंडी म्हणतो. ताईने निघताना माझा हात धरून एवढंच म्हटलं होतं, “तुझ्या भरवशावर सोडून जातेय रे.” मी म्हटलं, “जा गं, पोरगी आहे, वाघ नाही.”

वाघ परवडला असता. तिचं तोंड मिटायचं नाही. “मामा, तुझ्या नाकात केस का आहेत? मामा, तुझं लग्न कुणी मोडलं? मामा, खळ खाल्ली तर पोट चिकटतं का?” दात घासायला नाकी नऊ, वेणी घालायला नाकी नऊ. दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि येता-जाता प्रत्येक दार धाडकन आपटायचं. खालच्या मजल्यावरचे आजोबा दोनदा वर येऊन गेले. खरं सांगतो, इतकी वर्षं एकटं राहून मला माझ्या घराचा आवाजच माहीत नव्हता. ती शाळेत गेली की मला करमेनासं व्हायला लागलं.

संध्याकाळी दूध घेतलं की गोष्ट. मी ‘निजलेलं घर’ घरी आणलं. ती माझ्या मांडीवर बसली. शेवटचं पान आलं आणि तिने उजव्या हाताचं पहिलं बोट त्या दारावर दाबून धरलं. नखं कुरतडलेली, बोटाला निळी शाई.

“बोट काढ गं. प्लास्टिक निघेल.”

“मग तू धर.”

“कुणीच धरायचं नाही. चित्र आहे ते.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पहिलीत आहे. मग माझ्या मनगटावर बोटाने दोनदा टकटक केलं. ही तिची खूण. ‘पुन्हा’ म्हणायचे कष्टसुद्धा घ्यायची नाही, नुसती टकटक. मी म्हटलं, “हो गं बाई, हो,” आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. सगळ्याच मुलांना ते पुन्हा पुन्हा हवं असतं. ते त्यांना फार आवडतं म्हणूनच, अशी तेव्हा माझी समजूत होती.

ताईचा फोन आला तेव्हा मी हे हसत हसत सांगितलं. ती म्हणाली, “मग? दारावर बोट ठेवूनच वाचतात ते. आपण नाही का? तू पान उलटायचास, मी बोट ठेवायचे.”

“कशासाठी पण?”

“कशासाठी म्हणजे? ठेवायचं असतं.” मग म्हणाली, “काय माहीत रे. आता आठवत नाही. तिला दूध गरम करून देतोस ना?”

४

दुसऱ्या दिवशी वाचनालयात पान उघडलं तर दाराच्या कडेला एक काळी रेघ. मी कपाळावर हात मारला. रंग सुकून आक्रसला असणार, दुसरं काय? पापुद्रा एका बाजूने सोडवला, रेघेवर हिरवा रंग भरला, पुन्हा चिकटवला. सकाळी बघतो तो रेघ परत, आता काडीएवढी जाड.

मी भिंग घेतलं. छापलेल्या चित्राला भिंगाखाली ठिपके दिसतात, हाताने रंगवलेल्याला ब्रशचे फराटे. माझ्या दाराला माझे फराटे होते. त्या काळ्या पट्टीला ठिपके होते. बारीक, एकसारखे, छापखान्यातून आल्यासारखे. आणि कडी खाली लोंबत होती. मी ती लोंबती काढलेली नव्हती. लोंबत्या कडीलाही ठिपके होते.

माणूस अशा वेळी काय करतो? मी चष्मा पुसला. मग चहा प्यायलो. मग स्वतःला समजावलं की खालून जुनी छपाई वर आली असणार. त्या जागी भोक होतं आणि मागचा कागद माझ्याच हातचा कोरा होता, हे मला माहीत होतं, तरी मी मनाला ते दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

सहज म्हणून आधीची पानं चाळली. मांजराचे डोळे उघडे होते.

“बाई, या मांजराचे डोळे आधीपासून उघडे होते का हो?”

“मांजर एक डोळा उघडा ठेवूनच झोपतं,” बाई न बघताच म्हणाल्या. “चष्मा बदला तुमचा.”

त्यानंतर मी रोज बघायला लागलो. बघायचं नाही असं ठरवून बघायचो. आजोबांचे डोळे उघडले. पोपटाचे उघडले. आचारी तसाच ओट्याला टेकलेला, पण टक्क जागा. दोन्ही मुलं पलंगावर, पांघरुणं गळ्यापर्यंत, डोळे उघडे, आणि सगळे उजवीकडे बघत होते. उजवीकडे म्हणजे पुढच्या पानाकडे. पुढची पानं उलटत गेलं की शेवटी जिना येत होता आणि दार आता हात जाईल एवढं उघडं होतं. आत नुसता काळोख. भिंग लावून पाहायचं मला धाडस झालं नाही.

मी ते पुस्तक दुरुस्तीच्या खोलीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. घरी गुंडीला म्हटलं, “ते पुस्तक आता बंद. फाटलंय.”

तिचा चेहरा उतरला. हट्ट नाही, रडणं नाही. तिने फक्त विचारलं, “मग कपाटात दार कोण धरणार?”

मी म्हटलं, “झोप मुकाट्याने.” पण मी तिच्या खोलीतला दिवा चालू ठेवला.

५

पुढचे दिवस कपाटातून मधूनच खट्ट असा आवाज यायचा, कडी पडल्यासारखा. बाई म्हणाल्या, उंदीर झालेत, पिंजरा आणायला हवा. मी हो म्हटलं.

त्या दिवशी गुंडीची शाळा लवकर सुटली म्हणून तिला कामावर घेऊन आलो. भर दुपार, खिडकीतून टेबलावर ऊन, बाहेर मुलांचा गलका. मी कपाटातून दोऱ्याचं रीळ काढलं, तेवढ्यात बाईंनी हाक मारली आणि मी किल्ली तशीच ठेवून गेलो. एक मिनिट गेलो असेन.

परत आलो तर गुंडी माझ्या स्टुलावर गुडघे टेकून, टेबलावर पुस्तक उघडं, आणि तिने दोन्ही हातांची बोटं त्या दारावर दाबलेली. सगळा भार टाकून दाबत होती. कपाळावर घाम.

“मामा, घसरतंय!” ती म्हणाली. “प्लास्टिकवरून बोट घसरतंय, मामा, तू पण धर!”

मी काय बघितलं? मी बघितलं की पापुद्रा सुरकुतलाय आणि पान चुरगळतंय. इतके दिवस पोटात साठलेली भीती होती, ती सगळी रागाने बाहेर पडली.

“बोट काढ!” मी ओरडलो. असा ओरडलो की बाहेरचा गलका थांबला.

पोरगी दचकली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोटं उचलली.

खट्ट.

उन्हावर ढग आला असावा. खोली क्षणभर मंद झाली आणि पुन्हा उजळली. गुंडी स्टुलावर नीट बसली होती, पाय जुळवून. तिने पुस्तक हळूच मिटलं, कडा सारख्या केल्या आणि माझ्याकडे सरकवलं.

“चुकलं माझं, मामा,” ती म्हणाली.

जन्मात तिने हे वाक्य उच्चारलं नव्हतं. मला वाटलं, फारच ओरडलो आपण, पोरगी घाबरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना मी तिला फुगा घेऊन दिला. तिने तो घरी येईपर्यंत दोरीला धरून ठेवला, एकदाही उडवला नाही.

६

नंतर सगळं सुरळीत झालं. हेच तर सांगायचंय.

ती स्वतः दात घासायची. वेणी घालताना मान हलवायची नाही. दप्तर जागेवर, बूट जोडीने. प्रश्न नाहीत, दारं आपटणं नाही. निजली की उताणी, पांघरूण गळ्यापर्यंत, सकाळपर्यंत कूस बदलायची नाही. मी विचारलं, “गोष्ट वाचू?” तर म्हणाली, “नको, मामा. ऐकली आहे.” माझ्या मनगटाला तिने पुन्हा हात लावला नाही.

एकच खोड लागली. ती कुठलंच दार लावायची नाही. न्हाणीघर, कपाट, स्वयंपाकघरातला डबे ठेवायचा कप्पा, सगळं बोटभर किलकिलं. मी लावत जायचो आणि मागे वळून पाहिलं की पुन्हा बोटभर उघडं. मी ओरडलो नाही. ओरडायची मला आता भीती वाटत होती.

ताई न्यायला आली तेव्हा ती धावत गेली नाही. चालत गेली, नमस्कार केला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. “काय वळण लावलंस रे! हीच का माझी कार्टी?”

मी म्हटलं, “राहू दे ना अजून थोडे दिवस.”

“एवढा लळा लागला?” ताई हसली. मी काय सांगणार होतो? तुझी मुलगी शहाण्यासारखी वागते, म्हणून नेऊ नकोस? त्या गेल्या. जिना उतरताना पोरीने वर पाहिलं, मी दार लावतो की नाही ते बघितल्यासारखं.

परवा ताईचा फोन होता. “सगळं छान आहे रे. फक्त दारं लावत नाही बघ. आणि मला हल्ली झोप नीट लागत नाही. मध्येच डोळे उघडतात आणि उगीच तिच्या खोलीकडे बघत पडते.”

मी म्हटलं, “ताई, तू येतेस का इथे? आजच्या आज?”

“वेडा आहेस का? शाळा आहे तिची.”

७

मुलं ‘निजलेलं घर’ मागेनाशी झाली. इतक्या पिढ्यांचं पुस्तक, आणि एका आठवड्यात कुणी त्याच्याकडे ढुंकून बघेना. बाईंनी गोष्टीच्या तासाला ते काढलं तर पोरं चुळबुळ करायला लागली, एक म्हणाला, “यात काहीच होत नाही.” ती दोन वेण्यांची मुलगी शेवटच्या पानापर्यंत थांबली, दाराकडे पाहिलं आणि बोट न लावता निघून गेली.

“युग बदललं हो,” बाई म्हणाल्या. “जागा अडतेय. रद्दीत घाला.”

मी ते घरी आणलं. आज सुट्टी आहे. सकाळचं ऊन आहे, खालचे आजोबा रेडिओ लावून बसलेत. मी टेबलावर पुस्तक उघडलं. चित्रातले आजोबा निजलेले. आचारी, पोपट, मांजर, सगळ्यांचे डोळे मिटलेले. जिन्याखालचं दार बंद, कडी नीट अडकवलेली, मी काढली होती तशी. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बघ, तुझंच डोकं फिरलं होतं.

पापुद्रा सुरकुतला होता म्हणून मी तो सोलून काढला. मग सवयीने पानावरून अंगठा फिरवला. इतक्या प्रतींमध्ये मुलांच्या बोटांनी तो कागद आत दबलेला, झिजलेला मी पाहिला होता. या पानावर दाराच्या जागी फुगवटा होता. कागद माझ्याकडे वर आला होता, बोटाच्या टोकाएवढा. मी पान उलटून मागे पाहिलं. काही नव्हतं. पुन्हा सुलट केलं आणि फुगवटा अंगठ्याने खाली दाबला.

अंगठ्याखाली टकटक झालं. दोनदा.

“हो गं बाई, हो,” माझ्या तोंडून निघून गेलं.

मग मी बसलो. किती वेळ, देव जाणे. अंगठा उचलला की टकटक, ठेवला की टकटक. एका जागी कागदावर, आतल्या बाजूने आल्यासारखा, निळ्या शाईचा पुसट डाग उमटला होता.

मी भिंग लावलं. कडीला फराटे नव्हते, ठिपके होते. माझी रंगवलेली कडी आता छापलेली होती. रंग असता तर ओल्या कापसाने निघाला असता. छपाई निघत नाही. छपाई काढायची तर कागद खरवडावा लागतो.

मुलं जे दाबून धरत होती ते बाहेर पडलेलं आहे. ते ताईच्या घरी पाय जुळवून बसलंय. गुंडीच्या मागे त्या काळोखात आणखी कोण उभं आहे, दार उघडायची वाट बघत, ते मला माहीत नाही. एवढ्या मुलांनी एवढी वर्षं ज्यासाठी बोट झिजवलं ते उघडायचा मला काय अधिकार? हे सगळं मला कळतं. मला हेही कळतं की तिने मला ‘तू पण धर’ म्हटलं होतं.

मी पुस्तक पहिल्या पानावर आणलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. आजोबा निजले. आचारी निजला. मधे टकटक नाही, ती ऐकत असताना कधीच मधे टकटक करत नाही. शेवटचं पान आलं. ‘घर निजलं.’

टकटक.

“थांब गं, आलो,” मी म्हटलं आणि कागद कापायचं पातं घेऊन कडीवर टेकवलं. हळूहळू खरवडायला लागलो. पांढरा भुगा निघतोय. कागद पातळ होत चाललाय, माझ्या बाजूने आणि आतूनही. मागच्या पानांवर कोण जागं झालंय ते मी उलटून बघितलेलं नाही.